चालती गाडी अचानक बंद पडते? आधी ती कशी बंद पडली ते सांगा

या वेळच्या प्रश्नांमध्ये एकच तक्रार इतक्यांदा आली की अख्खं पान तिलाच देऊन टाकलंय. गाडी चालता चालता बंद पडते, का पडते कळत नाही, आणि गॅरेजवाला एकामागून एक पार्ट बदलत सुटलाय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, मुद्दा तोच ठेवलाय.

प्रश्न : नमस्कार. माझी पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअर. अर्धा-पाऊण तास मस्त चालते आणि मग चालता चालता बंद पडते. झटका नाही, आवाज नाही, चावी फिरवून बंद केल्यासारखी. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण पकडत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. गॅरेजमध्ये सोडली की तिथे दिवसभर एकदाही बंद पडत नाही. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. प्लग बदलले, फ्यूल पंप बदलला, आता ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलू म्हणतायत. बदलू का?

उत्तर : नका बदलू, निदान आत्ता तरी नका. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं चाललंय हे. ईसीएम खराब होतो, नाही असं नाही, पण तो यादीत शेवटी येतो आणि त्याच्या आधीच्या गोष्टी अजून कोणी तपासलेल्याच दिसत नाहीत.

तुम्ही जे लिहिलंय ना, "चावी फिरवून बंद केल्यासारखी", हे वाक्य स्कॅनरच्या कोडपेक्षा जास्त कामाचं आहे. पेट्रोल कमी पडून जी गाडी बंद पडते ती सहसा आधी कुरकुरते, म्हणजे पिकअप जातो, चढावर दम लागतो, झटके खाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर उलट आणखी बसते, आणि मग बंद होते. कारण पंप बंद पडला तरी लाइनमधलं प्रेशर हळूहळू उतरतं, एका क्षणात शून्य होत नाही. पण स्पार्क गेला, किंवा ईसीएमचा सप्लाय गेला, किंवा ईसीएमला इंजिन फिरतंय हे कळायचंच बंद झालं तर सगळं एका फटक्यात थांबतं. तुमची दुसऱ्या प्रकारातली वाटते. त्यात गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, म्हणजे माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर.

क्रँक सेन्सर म्हणजे क्रँकशाफ्टच्या दातेरी चकतीजवळ बसवलेला छोटा सेन्सर, तो ईसीएमला सांगतो की इंजिन किती वेगाने फिरतंय आणि आत्ता नेमकं कुठे आहे. हा सिग्नल गेला की बहुतेक गाड्यांत ईसीएम इंजेक्शन आणि स्पार्क दोन्ही बंद करतो, कारण त्याच्या लेखी इंजिन थांबलेलं आहे. सेन्सर बसवलेला असतो इंजिनलाच चिकटून, त्यामुळे तो भरपूर तापतो, आतली बारीक वायर किंवा सर्किट गरम झालं की कनेक्शन सोडतं आणि गार झालं की परत जोडलं जातं. म्हणून ते दहा-पंधरा मिनिटांचं गणित. आणि कोड का येत नाही हाही प्रश्न पडला असेल, तर बऱ्याच गाड्यांत सिग्नल पूर्ण गेला की ईसीएमला ते इंजिन नेहमीसारखं बंद केल्यासारखंच दिसतं, तक्रार नोंदवायला त्याला कारणच मिळत नाही. कोड आलाच तर पी०३३५ किंवा त्याच्या आसपासचा येतो. पण कोड नाही म्हणून सेन्सर चांगला असं समजू नका.

पण हा झाला संशय. मी इथे बसून सेन्सर बदला म्हटलं तर माझ्यात आणि त्या पंप बदलणाऱ्यात फरक काय राहिला! पकडायचं कसं ते बघा. तुमच्याकडे पुरावा फक्त त्या दहा-पंधरा मिनिटांत असतो, जेव्हा गाडी बंद आहे आणि चालू होत नाहीये. लोक नेमका तोच वेळ वाट बघण्यात घालवतात आणि गाडी चालू झाली की सुटलो म्हणून निघतात, मग चांगली चालणारी गाडी मेकॅनिकपुढे उभी करतात. चांगल्या चालणाऱ्या गाडीत तो बिचारा काय शोधणार?

तर बंद पडली की आधी सुरक्षित जागी घ्या, आणि मग हे करा. चावी बंद करून परत ऑन करा, सेल्फ मारू नका, नुसती ऑन, आणि मागच्या सीटकडे कान द्या. टाकीतल्या फ्यूल पंपाचा दोनेक सेकंद घुर्र असा बारीक आवाज यायला पाहिजे. आला तर पंपाला निदान करंट मिळतोय आणि तो फिरतोय. काही गाड्यांत दार उघडल्यावरच हा आवाज येऊन जातो, म्हणून तुमच्या गाडीत चांगली असताना कधी येतो ते आधीच ऐकून ठेवा. मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत सेल्फवर इंजिन फिरत असताना काटा थोडासा उचलतो, दोनशे-अडीचशेच्या आसपास. तो जागचा हललाच नाही तर क्रँक सेन्सरवरचा संशय वाढतो. सगळ्याच काट्यांना एवढं बारीक दाखवता येत नाही, त्यामुळे त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे हल्ली मोबाइलला जोडता येणारे छोटे ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या स्कॅनर सॉकेटला लावायचे) मिळतात, तो लावून सेल्फ मारताना आरपीएम किती दिसतो ते बघायचं. इंजिन कानाला फिरताना ऐकू येतंय आणि स्क्रीनवर शून्य, म्हणजे विषय जवळपास संपला, सेन्सर किंवा त्याची वायरिंग.

आणखी एक खूण आहे, पण ती शेजारी बसलेल्याने बघायची, चालवणाऱ्याने रस्ता सोडून काट्याकडे बघत बसायचं नाही. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली तरी क्लच दाबेपर्यंत चाकं इंजिनला फिरवतच असतात. अशा वेळी काटा धाडकन शून्यावर पडला तर आरपीएमचा सिग्नल गेला किंवा सप्लायच गेला, आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला तर सिग्नल शाबूत आहे, पेट्रोल किंवा स्पार्कच्या बाजूला शोधा.

सेन्सर बदलण्याआधी त्याचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून बघायला सांगा, आत तेल किंवा पाणी गेलंय का, पिना हिरव्या पडल्यात का, वायर कुठे घासून उघडी पडलीय का. इंजिन आयडलिंगला ठेवून ती वायर हळूच हलवायची, हलवल्यावर बंद पडलं तर सेन्सर नवीन टाकून काहीच होणार नाही, वायरच दुरुस्त करावी लागेल. काही सेन्सर कॉइलवाले असतात, त्यांचा रेझिस्टन्स मीटरवर मोजता येतो आणि तो मोजायचा तर गरम असताना मोजायचा, गार सेन्सर कायम बरोबरच दाखवणार. तीन वायरचा हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, असेल तर रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, त्याचा सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल बघावा लागतो.

यात काही सापडलं नाही तर पुढचा नंबर मेन रिलेचा, म्हणजे ईसीएमला सप्लाय देणाऱ्या स्विचचा. रिलेच्या आतलं सोल्डर तडकलेलं असलं की तोही अगदी असाच वागतो, गरम झाला की सोडतो. फ्यूज बॉक्समध्ये तसाच दुसरा रिले असेल, बऱ्याचदा हॉर्नचा सारखाच असतो, तर नंबर जुळतोय याची खात्री करून अदलाबदल करून बघा, फुकटात होणारी टेस्ट आहे. मग इग्निशन कॉइल. सगळ्या सिलिंडरना मिळून एकच कॉइल असेल तर ती तापून बंद पडली की गाडी बंद. प्रत्येक सिलिंडरला वेगळी असेल तर एक गेल्याने गाडी मिसिंग मारते, अशी एकदम मरत नाही. स्पार्क बघायचा तर टेस्टरने, हातात वायर धरून बघायचे दिवस गेले, आताच्या कॉइलचा झटका चेष्टेचा नाही.

प्रश्न : गाडी चालताना ठीक असते पण सिग्नलला थांबायला लागलं, ब्रेक मारून वेग कमी केला, की इंजिन बंद. लगेच चालू होते. मेकॅनिक म्हणतो क्लच लवकर दाबत जा.

उत्तर : क्लचचं तुम्ही बघालच, पण तुमचा बिघाड आयडलिंगचा दिसतोय. वेगात असताना थ्रॉटल उघडा असतो, हवा भरपूर मिळते. पाय काढला की थ्रॉटल जवळपास बंद होतो आणि जी थोडी हवा पाहिजे ती बारीक फटीतून येते. तिथे कार्बनचा काळा थर बसला की फट बुजते आणि इंजिनचा श्वास कोंडतो. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, आणि साफ केल्यावर ज्या गाडीला लागतं तिथे स्कॅनरने आयडलिंग पुन्हा सेट करून घ्या, नाहीतर साफ केल्यावर उलट रेस वाढून बसते आणि लोक म्हणतात आधीच बरी होती. त्याने फरक नाही पडला तर तडकलेले व्हॅक्यूम पाइप बघायचे, ईजीआर व्हॉल्व्ह (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का बघायचं.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर मात्र वेगळीच एक गंमत असू शकते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, जो वेगात दोघांना थेट जोडतो, सुटला नाही तर थांबताना इंजिन तसंच मरतं, जसं मॅन्युअलमध्ये क्लच न दाबता ब्रेक मारल्यावर मरेल. ओळखायची सोपी खूण म्हणजे थांबायच्या आत न्यूट्रलला टाकली तर बंद पडत नाही. तसं असेल तर थ्रॉटल साफ करत बसू नका, गिअरबॉक्सवाल्याकडे जा.

प्रश्न : टाकी फुल केली की पहिल्या काही मिनिटांत गाडी गुदमरून बंद पडते. एरवी काही त्रास नाही. पेट्रोलमध्ये भेसळ आहे का?

उत्तर : प्रत्येक वेळी, वेगवेगळ्या पंपांवर भरूनही होत असेल तर भेसळीचा संशय सोडा. टाकीतली पेट्रोलची वाफ एका कोळशाच्या डब्यात साठवली जाते आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढली जाते. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला की टाकी भरल्यावर जास्तीची वाफ नको तेव्हा इंजिनात येते आणि मिक्स्चर बिघडतं. व्हॉल्व्ह स्वस्तातला भाग आहे आणि तपासायलाही सोपा, करंट नसताना त्यातून फुंकून हवा पार जायला नको. आणि पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही थोडं अजून, थोडं अजून करत गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर ती सोडा, त्याने द्रव पेट्रोलच त्या डब्यात जातं आणि डबा कामातून जातो.

याचाच उलटा प्रकारही एका पत्रात आलाय, टाकी भरल्यावर नाही तर बरंच चालल्यावर दम सुटून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की जोरात हवा आत ओढल्याचा आवाज येतो, मग चालू होते. तिथे टाकीची हवा आत यायची वाट बुजलेली आहे, टाकीत व्हॅक्यूम होऊन पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. झाकण किंवा व्हेंटची लाइन तपासा.

प्रश्न : माझी बंद पडते तेव्हा सगळंच जातं. म्युझिक, डॅशबोर्ड, सगळं काळं. एक-दोन सेकंदांनी कधी आपोआप येतं, कधी चावी हलवली की येतं.

उत्तर : म्हणजे इंजिनाला बोल लावायचं कारण नाही, करंटच जातोय. बॅटरीचे टर्मिनल हाताने फिरवून बघा, फिरले तर तिथेच सापडलं. मग बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा, बोल्टखाली गंज असतो आणि वरून दिसत नाही. मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा, ०.२-०.३ व्होल्टच्या खूप वर गेलं तर अर्थिंग कमजोर आहे.

चावी हलवल्यावर येतं म्हणताय त्यामुळे इग्निशन स्विचही आलाच. चावीला जो जुडगा लटकवलाय, घराच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या किल्ल्या, तो आजच्या आज काढा. ही भीती दाखवायला सांगत नाहीये. २०१४ साली जनरल मोटर्सला याच कारणासाठी सुमारे २६ लाख छोट्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, स्विच इतका सैल होता की जड जुडग्याने किंवा गुडघा लागल्याने चावी ऑनवरून सरकायची, इंजिन बंद आणि त्याबरोबर एअरबॅगही बंद. भरपाईसाठी जो निधी केला होता त्याने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

बॅटरीचा लाल दिवा आधी बराच वेळ लागून, हेडलाइट मंद होत होत गाडी बंद पडली असेल तर मात्र तो अल्टरनेटर. चालू इंजिनवर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला पाहिजेत. नवीन गाड्यांत चार्जिंग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतं, पण रीडिंग १२ च्या खाली जाऊन उतरतच चाललं असेल तर चार्जिंग होत नाहीये.

प्रश्न : मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली आणि बंद पडली, नंतर चालूच झाली नाही. टो करून नेली तर मेकॅनिकने दोन मिनिटांत चालू करून दिली आणि काय केलं ते सांगेना!

उत्तर : नक्की काय केलं हे तोच जाणे, पण काही गाड्यांत अपघातात पेट्रोल बंद करणारा एक इनर्शिया स्विच असतो, जोरात आदळलं की तो उडतो आणि पंप बंद होतो. वरचं बटण दाबलं की परत चालू. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा आहे का आणि कुठे आहे. दाबायच्या आधी गाडीखाली पेट्रोल गळत नाहीये ना, वास येत नाहीये ना, हे बघायचं, तो स्विच त्यासाठीच दिलेला असतो.

प्रश्न : पंप नवीन टाकूनही काही महिन्यांत परत तसंच. टाकी कमी असली की जास्त होतं, आधी झटके खाते मग बंद.

उत्तर : हे पेट्रोल कमी पडण्याचंच लक्षण आहे. पंप टाकीत बुडालेला असतो आणि त्याला गार ठेवायचं काम पेट्रोलच करतं, त्यामुळे कायम रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. पण नवीन पंप इतक्या लवकर गेला तर पंपाच्या कपलरवर पुरेसा व्होल्टेज पोचतोय का ते कोणी मोजलंय का? जळका कपलर किंवा कमजोर अर्थिंग तसंच ठेवून कितीही पंप बदला. टाकीत गाळ असेल आणि जाळी चोंदत असेल तरी तेच. फ्यूल प्रेशर गेज लावून, गेजचा पाइप बोनेटच्या कडेने बाहेर काढून, गाडी प्रत्यक्ष चालवून बघायला सांगा. साध्या मल्टी-पॉइंट पेट्रोल इंजिनात ३ ते ४ बारच्या आसपास प्रेशर असतं, नेमका आकडा गाडीच्या माहितीपत्रकातला धरायचा. उभ्या गाडीवर प्रेशर बरोबर आणि लोडवर पडतंय असं खूपदा होतं.

एक करून बघा, चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का ते तपासा. २०२० पासून डेन्सो या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या लो-प्रेशर फ्यूल पंपासाठी टोयोटा, होंडा वगैरे कंपन्यांनी खूप गाड्या परत बोलावल्या, आतला प्लॅस्टिकचा इम्पेलर पेट्रोल शोषून फुगायचा आणि पंप अडकायचा. तुमची त्यात असेल तर पंप फुकट बदलून मिळेल.

प्रश्न : डिझेलला हे सगळं लागू होतं का?

उत्तर : स्पार्क सोडून बरंचसं. क्रँक सेन्सर, रिले, अर्थिंग सगळं तसंच. जास्तीचं म्हणजे लाइनमध्ये हवा शिरणे, फिल्टरमध्ये पाणी साठणे आणि हाय-प्रेशर पंपावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकणे. फिल्टर बदलल्यावर लगेच बंद पडायला लागली असेल तर हवाच समजा, एखादी सील नीट बसली नसेल. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतलं प्रेशर, कमी पडल्याचा कोड, पी००८७, आला की लगेच महागडा पंप उतरवू नका, आधी फिल्टर आणि टाकीपासून येणारी लाइन बघा.

प्रश्न : वेगात असताना बंद पडली तर स्टेअरिंग लॉक होतं का? मला त्याचीच भीती वाटते.

उत्तर : इंजिन बंद पडल्याने लॉक होत नाही, जड होतं. लॉक होतं ते चावी पूर्ण मागे फिरवून काढल्यावर, म्हणून गाडी धावत असताना चावीला हात लावून मागे फिरवायची नाही. ब्रेकचंही तसंच, बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरतं व्हॅक्यूम शिल्लक असतं, म्हणून पंप मारल्यासारखं दाबत सोडत बसू नका, एकदाच दाबून धरा. नंतर पेडल दगडासारखं कडक होतं पण जोर लावला तर ब्रेक लागतो. हझार्ड लावा, न्यूट्रल करा, असलेल्या वेगावरच कडेला घ्या आणि रहदारीच्या बाजूला न उतरता कडेच्या बाजूने उतरा.

प्रश्न : बंद पडल्यावर किती वेळ सेल्फ मारून बघावा? या वेळी सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा जोरात आणि हलकं फिरल्यासारखं वाटलं.

उत्तर : मग अजिबात मारू नका. हलकं, एकसारखं, अडथळा नसल्यासारखं फिरणं म्हणजे कॉम्प्रेशन नाही, आणि चालता चालता बंद पडल्यावर असं झालं तर टायमिंग बेल्ट किंवा चेन गेल्याचा दाट संशय. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात, वाकायचे राहिले असतील तर तुमच्या पुढच्या सेल्फने वाकतील. ढकलून चालू करायचाही प्रयत्न नको. तेलाचा लाल दिवा लागून किंवा टेंपरेचरचा काटा वर जाऊन बंद पडली असेल तरी हेच. टो करून न्या, बेल्टचं कव्हर उघडून आधी डोळ्यांनी बघायला सांगा, आणि बेल्ट तुटलेला निघाला तर नवीन बेल्ट लावून "बघू चालू होते का" असं न करता सिलिंडर लीकेज टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं, करून घ्या.